पालखी मार्गाखाली सातवाहनांचा राजमार्ग पुरलेला नाही

आषाढी जवळ आली की ही पोस्ट न चुकता उगवते. यंदा ती आधी गावकीच्या ग्रुपवर पडली, मग भावकीच्या, आणि शेवटी आमच्या दाजींनी ‘सातारकर असाल तर पुढं पाठवाल’ अशी पुस्ती जोडून थेट मला पाठवली. दाजींना ग्रुपवर चारचौघांत उलट बोलणं बरं दिसत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

ज्यांच्यापर्यंत ती पोहोचली नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा. नीरेपासून लोणंद, फलटण, बरडमार्गे पंढरपूरला जाणारा पालखी मार्ग हा मुळात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी बांधलेला दगडी राजमार्ग आहे. रोमन व्यापारी याच रस्त्यानं ये-जा करत. रस्त्याला चार थरांचा पाया होता. दर कोसाला चित्रं कोरलेला मैलाचा दगड होता, दुतर्फा सम्राट अशोकानं लावलेले वड होते. माउलींची पालखी १२९६ पासून एकदाही खंड न पडता याच रस्त्यानं जाते. १८५७ नंतर इंग्रजांनी हा रस्ता मुद्दाम डांबराखाली गाडला. आणि शेवटी, युनेस्कोनं हा ‘जगातला सर्वांत जुना वाहता तीर्थमार्ग’ म्हणून जाहीर केला आहे.

सोबत दोन फोटो. एक नाणेघाटातल्या दगडी रांजणाचा, जो जुन्नर तालुक्यात आहे. दुसरा अजिंक्यताऱ्याचा, आणि सातारा शहर पालखीच्या वाटेवर येतच नाही. फोटोंचं सोडू. मजकुराकडे येऊ.

‘सातवाहनांनी बांधला, रोमन व्यापारी याच रस्त्यानं येत’

सातवाहन काळात कोकणातली बंदरं आणि देशावरच्या बाजारपेठा घाटवाटांनी जोडलेल्या होत्या, याबद्दल दुमत नाही. नाणेघाटात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे, कल्याण-सोपाऱ्याकडचा माल त्या वाटेनं जुन्नरला चढायचा. प्रश्न एवढाच, की साताऱ्यात त्या काळाच्या खुणा नेमक्या कुठं सापडतात?

रस्त्याचं वय दगडावरून काढता येत नाही. दगड लाखो वर्षांचाच असतो. खडकात चाकांच्या खोल चाकोऱ्या दिसल्या तरी त्या सातवाहनांच्या की आजोबांच्या बैलगाडीच्या, हे चाकोरी सांगत नाही. लोखंडी धाव बसवलेलं चाक मऊ खडकाला दोन-तीन पिढ्यांत सहज खातं. म्हणून अभ्यासक वाटेच्या आजूबाजूचं पाहतात: लेणी, पाण्याची टाकी, शिलालेख, नाणी, खापरं. ज्या वाटेवर या गोष्टी ओळीनं मिळतात ती जुनी.

आता सातारा जिल्ह्याचा नकाशा काढा आणि बौद्ध लेण्यांवर बोट ठेवत चला. शिरवळची लेणी. वाईजवळ लोहाऱ्याची, ज्यांना लोक पालपेश्वर म्हणतात. मग कराडजवळ आगाशिवच्या डोंगरातली, साठहून अधिक. ही ओळ उत्तरेकडून दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याला धरून जाते. म्हणजे साधारण आजचा पुणे–बंगळूर महामार्ग जिथून जातो तिथून. प्रत्येक ठिकाणाच्या पश्चिमेला कोकणात उतरणारा घाट आहे: शिरवळहून वरंध, वाईहून पार, कराडहून कुंभार्ली. त्याच ओळीत पुढं कोल्हापूर येतं. तिथं ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्या ठिकाणची पॉसिडॉन या ग्रीक सागरदेवतेची छोटी कांस्यमूर्ती प्रसिद्धच आहे. कराडचं नाव तर मध्य भारतातल्या भरहुत स्तूपापर्यंत पोहोचलंय. तिथल्या ब्राह्मी लेखांत ‘करहाकट’च्या दात्यांची नोंद आहे आणि हे करहाकट म्हणजे कराड, असं अभ्यासक मानतात.

थोडक्यात, सातवाहनांची वाट शोधायचीच असेल तर कराडला या, फलटण-बरडला नको. पोस्ट लिहिणाऱ्यानं अभिमान बरोबर जिल्ह्यात आणला आणि चुकीच्या तालुक्यात उतरवला.

तेव्हाचा रस्ता कसा होता, याचा एका परदेशी माणसाचा दाखलाही आहे. पहिल्या शतकात ‘पेरिप्लस’ नावाची ग्रीक भाषेतली दर्यावर्दी नोंदवही लिहिली गेली. तिच्यात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, या दोन मोठ्या पेठांचा उल्लेख आहे. भडोच बंदरातून पैठण दक्षिणेला वीस दिवसांवर, तिथून तगर पूर्वेला दहा दिवसांवर. आणि तिथला माल भडोचला कसा येतो? गाड्यांमधून, मोठमोठ्या ‘रस्ता नसलेल्या’ मुलखातून, असं तो लेखक लिहितो. ज्या रोमन व्यापाराचा हवाला पोस्ट देते, त्या व्यापारातल्याच माणसाची ही साक्ष आहे. दख्खनमधल्या सर्वांत मोठ्या दोन पेठांकडून येणाऱ्या वाटेची ही कथा, तर नीरा–फलटणला चार थरांचा पाया कोण आणि कशासाठी घालत होतं?

‘चार थरांचा पाया, दगडी फरसबंदी’

हे चित्र कुठून आलं ते उघड आहे. इटलीतल्या रोमन रस्त्याचा उभा छेद शाळेच्या पुस्तकांत असतो: खाली मोठे दगड, वर खडी, वर चुना-वाळू, वर फरशी. तोच उचलून खाली ‘सातवाहन’ लिहिलंय.

नीरेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यातली काळी माती ज्यानं पाहिली आहे त्याला हसू येईल. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते. तिच्यावर मैलोन् मैल फरशी घातली तर दोन-चार पावसाळ्यांत ती वरखाली होऊन जाईल. आजच्या महामार्गाच्या कंत्राटदारालाही अशा जागी आधी काळी माती काढून मुरूम भरावा लागतो.

आणि फरशीची गरज तरी कोणाला होती? एकोणिसाव्या शतकापर्यंत आपल्याकडचा बराचसा माल गाडीत नव्हे, बैलाच्या पाठीवर जात होता. लमाणांचे तांडे शेकडो बैलांवर गोण्या टाकून धान्य वर-खाली नेत आणि कोकणातून मीठ आणत. पाठीवर ओझं असलेल्या बैलाला गुळगुळीत फरशीपेक्षा मऊ पायवाट बरी. लांबच्या मजलेसाठी खुरांना पत्र्या मारल्या असतील तर फरशीवर तो घसरतोच. तांड्याला हवं असतं पाणी, चारा आणि उतरायला मोकळं माळरान. ते जिकडं मिळेल तिकडं वाट सरकते. एका वर्षी ओढ्याच्या या अंगानं, पुढच्या वर्षी त्या. म्हणून मैदानातली जुनी वाट ही एक रेघ नसते, मैल-दोन मैल रुंदीत पसरलेल्या पाच-सहा वाटांचा पट्टा असतो. ती एका जागी बांधली जाते ती फक्त दोन ठिकाणी: घाटात आणि नदीच्या उतारावर. दगड रचलेले, पायऱ्या खोदलेल्या दिसतात त्या म्हणूनच घाटात.

पावसाळ्यात तर वाटा बंदच पडत. रशियन प्रवासी अफानासी निकितीन १४७० च्या आसपास चौलहून जुन्नरला आला आणि दोन महिने तिथंच अडकून पडला. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं त्यानं लिहून ठेवलंय. लढाया दसऱ्यानंतर सुरू व्हायच्या त्या याच कारणानं. आषाढीची वारी मात्र बरोबर याच दिवसांत निघते, हे लक्षात घेतलं की वारकऱ्यांच्या चालण्याची खरी किंमत कळते. फरसबंदीची दंतकथा नकळत तीच कमी करते.

राज्यकर्त्यांना चांगला रस्ता नेहमी हवाच असतो, असंही समजू नये. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांबद्दल स्पष्ट सांगितलंय, की गडावर येण्याजाण्याचे मार्ग सोपे नसावेत. असले तर ते मोडून त्यावर झाडी वाढवावी आणि दुसरीकडून अवघड मार्ग घालावेत. डोंगरी मुलखात वाट नसणं हाही बंदोबस्त होता.

तीर्थाची वाट म्हणजे चांगला रस्ता, हे गृहीतक पाहायचं असेल तर चैत्रात शिखर शिंगणापूरला जा. माण तालुक्यातल्या त्या डोंगरावर शंभू महादेवाला सासवडकडच्या कावडी येतात, कऱ्हेचं पाणी घेऊन. देवळापर्यंत पायऱ्या आहेत, आता गाडीरस्ता आहे. तरी चैत्र शुद्ध द्वादशीला कावडी चढतात त्या मुंगी घाटानं, जिथं वाट म्हणावी असं काही नाही. उभा कडा, सुटे दगड, आणि उंच कावड. वरच्यानं हात द्यायचा, खालच्यानं खांदा लावायचा, कावड एकेका टप्प्यानं पुढं सरकवायची. ‘म्हाद्या, धाव’ अशी देवालाच हाक मारत, वेळेला त्याला रागावतसुद्धा, माणसांची साखळी ती वर नेते. सगळ्यांत मान असतो तेल्या भुत्याच्या कावडीला. सोपा रस्ता असताना अवघड वाट परंपरेनं जपलेली आहे. कोणत्याही राजानं ती बांधलेली नाही, आणि कोणी बांधली तर कावडीवाले तिच्यावरून जाणार नाहीत!

‘दर कोसाला चित्रं कोरलेला मैलाचा दगड’

हे वाचून मला सगळ्यांत जास्त वाईट वाटलं. पोस्टमध्ये ज्यांचं वर्णन आहे ते दगड वीरगळ आहेत, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांची स्मारकं. आपल्या गावांत ते मारुतीच्या पाराला टेकवलेले, देवळाच्या ओवरीत उभे केलेले, कधी पायरीला लावलेले असतात. वाई तालुक्यातलं किकली गाव तर वीरगळांसाठीच ओळखलं जातं. भैरवनाथाच्या देवळाशी ते पाहायला मिळतात.

एक नीट पाहा. खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला, बऱ्याचदा शेजारी गाई. म्हणजे गुरं पळवून नेणाऱ्यांशी लढताना तो पडला. त्याच्या वर लढाई, ढाल-तलवारी, कधी घोडा. त्याच्या वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून स्वर्गात नेतायत. सर्वांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. माथ्याला कलश, बाजूला चंद्र-सूर्य: जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. पोस्ट म्हणते, ‘चार चौकटी म्हणजे चार कोस’. गावाची गुरं वाचवताना मेलेल्या माणसाच्या स्मारकाचं इतकं स्वस्त रूपांतर मी दुसरं पाहिलेलं नाही.

अंतर दाखवणारे कोसमिनार होते, पण ते मुघलांचे, आग्रा–दिल्ली–लाहोरच्या वाटेवर. आपल्याकडचे कोरीव अंकांचे मैलाचे दगड इंग्रजी अमदानीतले.

यात एक व्यवहाराचा मुद्दा आहे. वीरगळ ज्या जागी उभा असतो ती जागाही पुरावा असते: जुनी शीव, जुनी वाट, जुनं देऊळ. सध्या चौपदरीकरणात असे दगड जेसीबीनं बाजूला होतात आणि कोणीतरी भक्तिभावानं दुसऱ्याच गावच्या देवळात नेऊन ठेवतं. तुमच्या शिवारात असा दगड हलणार असेल तर आधी जागेवरचा फोटो काढा, मोबाइलमध्ये ठिकाणाची खूण साठवा आणि ग्रामपंचायतीत लेखी नोंद करा.

‘माउलींची पालखी १२९६ पासून याच रस्त्यानं, एकदाही खंड नाही’

इथं तीन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत: वारी, पालखी आणि रस्ता.

वारी जुनी आहे, पोस्ट म्हणते त्याहूनही जुनी. पंढरपुरात ११८९ चा लेख आहे, १२३७ चा आहे, आणि देवळातला प्रसिद्ध चौऱ्यांशीचा शिलालेख १२७३ ते १२७७ या काळातला, रामदेवराव यादवाच्या वेळचा. म्हणजे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली तेव्हा पंढरपूर राजाश्रय मिळालेलं गजबजलेलं क्षेत्र होतं.

पण १२९६ हे माउलींच्या समाधीचं वर्ष. पालखी सोहळा त्यानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी आला. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, देहूहून आळंदीला आणल्या, तिथून माउलींच्या पादुका घेतल्या आणि दोन्ही मिळून पंढरीला नेल्या. माउलींची पालखी वेगळी झाली ती त्याच्याही दीडशे वर्षांनी, साधारण १८३२ च्या सुमारास. आणि ती वेगळी काढून तिला आजचं शिस्तीचं रूप देणारा माणूस होता आपल्या साताऱ्याचा: आरफळचे हैबतबाबा.

हैबतराव पवार ग्वाल्हेरला शिंद्यांच्या चाकरीत होते. गावी परतताना वाटेत लुटारूंनी त्यांना पकडून गुहेत कोंडलं, तिथं त्यांनी हरिपाठ म्हणत दिवस काढले आणि सुटका झाल्यावर घरी न जाता आळंदीला राहिले, अशी कथा सांगतात. कथेचा भाग सोडा. त्यांनी केलेलं काम डोळ्यांसमोर आहे. दिंड्यांचा क्रम, रथापुढच्या आणि रथामागच्या, भजनाचा नेम, मुक्कामाची व्यवस्था. अंकलीच्या शितोळे सरकारांना त्यांनी सोहळ्यात जोडून घेतलं. घोडे आजही अंकलीहूनच येतात. एका फौजेतल्या माणसानं लाखोंच्या चालण्याला दिलेली ही शिस्त आहे. आळंदीला महाद्वारातली पहिली पायरी हैबतबाबांची. कार्तिकीच्या सोहळ्याची सुरुवात तिच्याच पूजनानं होते.

‘सातारकर असाल तर पुढं पाठवा’ म्हणणाऱ्या पोस्टमध्ये आरफळचं नाव नाही. ज्यानं खरोखर केलं त्या शेजारच्या माणसाचं श्रेय काढून ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या, नाव नसलेल्या एका राजाला दिलं. हा अभिमान मला समजत नाही.

राहिला मार्ग. तुकोबांची पालखी यवत, बारामती, इंदापूर, अकलूज करत जाते, माउलींची दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, नीरा, फलटण करत. दोन्ही वाखरीला आणि पंढरीला भेटतात. प्राचीन राजमार्ग एकच असता तर दोघांनी दोन वाटा कशाला धरल्या असत्या? याशिवाय महाराष्ट्रभरातून पालख्या निघतात त्यांच्या वाटा वेगळ्या. सांगलीकडचे वारकरी मिरज, कवठेमहांकाळवरून सांगोल्याकडे सरकतात. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९०६ ला पंढरपूरपर्यंत आली आणि १९२७ ला मिरजेपर्यंत, तेव्हा तिकडच्या कित्येक गावांची वाट रुळांवरून गेली. सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल झाला १९२९ मध्ये. त्याआधी पावसाळ्यात पलीकडच्या माणसाला नावेशिवाय गत नव्हती.

आणि या भागात तीर्थं काय पंढरपूर एकटंच होतं? औदुंबर आणि नरसोबाची वाडी या नृसिंह सरस्वतींच्या जागा, त्यांची वाट कृष्णाकाठानं. खुद्द फलटण हे महानुभाव पंथाचं मोठं क्षेत्र, कारण पंथ ज्यांना अवतार मानतो ते चक्रपाणी तिथले. याच महानुभावांनी चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ लिहिली. चक्रधर स्वामी कुठं बसले, कुठं राहिले, ते देऊळ गावाच्या कोणत्या दिशेला, दार कोणत्या बाजूला, याची नोंद. मध्ययुगीन मराठी यात्रेकरूच्या हातातला हा खरा कागद आहे. तो दिशा सांगतो, गाव सांगतो, खुणेची जागा सांगतो. पोहोचायचं त्यानं शिवारातून विचारत विचारत.

‘एकदाही खंड नाही’ याबद्दल फार बोलत नाही. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळं पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. वारकरी म्हणतील, नेम चुकला नाही. बरोबर आहे. पायी सोहळा मात्र झाला नाही.

अशोकाचे वड, इंग्रजांचं डांबर, युनेस्को

अशोकानं वाटेवर वड लावल्याचं आणि विहिरी खणल्याचं त्याच्या सातव्या स्तंभलेखात आहे. तो स्तंभ आज दिल्लीत आहे. आपल्या बाजूचा त्याचा शिलालेख सोपाऱ्याचा, मुंबईच्या उत्तरेला, आणि त्यात वडांचा विषय नाही. आजचं एखादं झाड त्या वेळचं आहे हे ठरवायचं कसं? वडाला पारंब्यांनी नवी खोडं येत राहतात, त्यामुळं घेर मोजून वय काढणं फसवं.

डांबराचं तर गणितच चुकलंय. १८५७ नंतर इंग्रजांनी केलेले रस्ते खडी-मुरुमाचे, वरून रूळ फिरवलेले. डांबर आपल्याकडे आलं विसाव्या शतकात. पालखी मार्गाला राष्ट्रीय महामार्ग ९६५ हा क्रमांक तर परवाचा. चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ची.

युनेस्कोनं असं काहीही जाहीर केलेलं नाही. सातारा जिल्ह्यातून जागतिक वारसा यादीत आहेत ते पश्चिम घाटाचा भाग म्हणून कास पठार आणि कोयना अभयारण्य, २०१२ पासून, आणि मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांपैकी प्रतापगड, २०२५ पासून. तीर्थमार्ग यादीत येऊच शकत नाही असं नाही. स्पेनमधला सांतियागोचा यात्रामार्ग १९९३ मध्ये आला. त्यासाठी स्पेननं गावोगावच्या वाटा, पूल, धर्मशाळा, देवळं यांची कागदोपत्री नोंद केली होती. आपल्याकडे निदान किकली ते बरड एवढ्या टापूतले वीरगळ, बारवा आणि नदीचे जुने उतार नकाशावर मांडायचे झाले, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत महाविद्यालयाची पोरं ते करू शकतील. दाजी, तुमच्या ग्रुपवर कोणी प्राध्यापक असतील तर त्यांना हे पाठवा.